जनसंपर्काच्या अध्यापकांची परिषद : प्रयोजन आणि नियोजन

शासनाची योजना कितीही हितकारक असली, तरी ज्याच्यासाठी ती आखली त्यालाच ती उमगली नाही, तर ती कागदावरच राहते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने सार्वजनिक प्राधिकरणांनी आपण होऊन प्रसिद्ध करावयाच्या माहितीच्या १७ बाबी नमूद केल्या आहेत. ही माहिती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात परिणामकारक ठरणारी पद्धत यांचा विचार व्हावा, असेही त्यात सांगितले आहे. हे काम उद्या ज्यांच्या हाती जावयाचे, ते आज महाविद्यालयांच्या व विद्यापीठांच्या वर्गांत बसले आहेत. त्यांना शिकविणारे अध्यापक एकत्र येऊन विचार करतात, तेव्हा त्या विचाराशी गावच्या चावडीचाही संबंध असतो.

विषयाची वाटचाल

अध्यापनाचा विषय म्हणून जनसंपर्क तसा अलीकडचा. न्यू यॉर्क विद्यापीठात एडवर्ड बर्नेज यांनी १९२३ मध्ये या विषयाचा वर्ग घेतला. विद्यापीठीय पातळीवरील आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. भारतात पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही व्यावसायिकांची संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली. नवी दिल्लीत १९६५ मध्ये भारतीय जनसंचार संस्था सुरू झाली आणि २१ एप्रिल १९६८ रोजी तेथेच भरलेल्या अखिल भारतीय जनसंपर्क परिषदेत व्यवसायाची आचारसंहिता स्वीकारण्यात आली.

व्यावसायिकांच्या परिषदेत अनुभवांची देवघेव होते. अध्यापकांच्या परिषदेपुढे मात्र तीन स्वतंत्र प्रश्न असतात : काय शिकवावे, कसे शिकवावे आणि शिकविलेले विद्यार्थ्याच्या हाती उतरले की नाही, हे कसे तपासावे.

१९५६ चा धडा

या प्रश्नांची दिशा दाखविणारा एक प्रयोग महाराष्ट्राच्याच भूमीवर झालेला आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळे चालविली. एकूण २० कार्यक्रम प्रसारित झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपल्या शंका व निर्णय केंद्राकडे कळवावेत, अशी योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या गावांतील ज्ञानवृद्धी ही मंडळे नसलेल्या गावांपेक्षा, रेडिओ असूनही मंडळ नसलेल्या गावांपेक्षासुद्धा, ठळकपणे अधिक आढळली. नुसते ऐकणे आणि ऐकून बोलणे यांतील अंतर त्यातून स्पष्ट झाले.

परिषदेलाही हाच न्याय लागू पडतो. व्यासपीठावरून भाषणे व्हावीत आणि सभागृहाने ती ऐकून घ्यावीत, अशी रचना असेल, तर संवादाचा विषय शिकविणारेच संवादाला मुकतात.

नियोजनाचे टप्पे

नियोजनाचा प्रारंभ सभागृहाच्या आरक्षणापासून न होता प्रश्नाच्या निवडीपासून व्हावा. ‘जनसंपर्क : काल, आज आणि उद्या’ अशा व्यापक विषयाखाली काहीही सामावते आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी ‘ग्रामसभेची सूचना ग्रामस्थाला कळेल अशी लिहावयास कसे शिकवावे?’ असा नेमका प्रश्न घेतल्यास निबंधलेखकाला दिशा मिळते.

प्रश्न ठरल्यावर तारीख ठरवावी. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा, जूनमध्ये पेरण्या आणि पुढे सणवार; पंचायत सदस्य व अध्यापक या दोघांनाही सोयीचा काळ म्हणून जानेवारीचा विचार करता येईल. तेथून मागे मोजत यावे. एप्रिलमध्ये निबंधांसाठी आवाहन, जुलैअखेर गोषवारे, सप्टेंबरपर्यंत परीक्षण, नोव्हेंबरअखेर पूर्ण निबंध आणि डिसेंबरमध्ये ते सर्व प्रतिनिधींच्या हाती, असा क्रम ठेवावा. गोषवाऱ्यावरील लेखकाचे नाव झाकून तो दोन परीक्षकांकडे पाठवावा. म्हणजे निवड पदावर न होता गुणावर होते. नाकारलेल्या लेखकालाही कारणे कळवावीत. तालुक्याच्या ठिकाणी शिकविणाऱ्या तरुण अध्यापकाला ती कारणे स्वीकृतीइतकीच उपयोगी पडतात.

बैठकांची रचना

नव्वद मिनिटांच्या बैठकीत तीनच निबंध घ्यावेत. प्रत्येकाला १५ मिनिटे दिली, तर ४५ मिनिटे चर्चेसाठी उरतात. निबंध आधीच हाती असल्याने तो अक्षरशः वाचून दाखविण्याचे कारण उरत नाही. स्वागत, सत्कार, दीपप्रज्वलन आणि आभार यांना मिळून एक तासाची मर्यादा घालावी व अध्यक्षांनी ती काटेकोरपणे पाळावी.

किमान एक बैठक प्रात्यक्षिकाची असावी. सरपंच, पंचायत सदस्य आणि ग्रामसेवक यांना या बैठकीस शोभेचे पाहुणे म्हणून नव्हे, तर जाणकार म्हणून बोलवावे. एखादी प्रत्यक्ष सूचना सर्वांसमोर वाचावी. सभा केव्हा, कोठे, कोणता निर्णय व्हावयाचा आणि त्यात आपला संबंध काय, हे तिच्यातून कळले का, असे सदस्यांना विचारावे. जे कळले नाही ते अध्यापकांनी तेथेच नव्याने लिहावे आणि पुन्हा वाचून दाखवावे. एका तासाच्या या अभ्यासातून जे हाती येते, ते वर्गात वर्षभर वापरता येते.

खर्चाचे अंदाजपत्रक करताना भोजन व मंडप यांच्याआधी बाहेरगावच्या प्रतिनिधींचा प्रवासखर्च, निबंधांची छपाई आणि इतिवृत्त यांची तरतूद करावी. दूरच्या अध्यापकांना दूरदृश्य प्रणालीद्वारे सहभागी होता येते. मात्र त्यांना प्रश्न विचारण्याची संधी सभागृहातील प्रतिनिधींइतकीच मिळाली पाहिजे.

समारोपानंतर

ठराव संमत झाला म्हणजे परिषद सफल झाली, असा समज रूढ आहे. वस्तुतः खरे काम तेथून सुरू होते. एका महिन्यात इतिवृत्त प्रसिद्ध व्हावे, तीन महिन्यांत सुचविलेले पाठ व अभ्यासप्रश्न सर्व विभागांकडे जावेत आणि वर्षअखेरीस त्यांतील किती वर्गात पोहोचले, याची विचारणा व्हावी. पुढील परिषदेची पहिली बैठक याच आढाव्याची असावी.

परिषदेचे यश उपस्थितांच्या संख्येवरून ठरत नाही. तिच्यातून शिकून गेलेल्या अध्यापकाच्या विद्यार्थ्याने लिहिलेली सूचना वाचून एखादा ग्रामस्थ ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी ग्रामसभेला आला आणि आपले म्हणणे मांडून गेला, तर परिषदेसाठी वेचलेले श्रम व पैसा सार्थकी लागला असे म्हणता येईल.