परक्या दिवाणखान्यातील गाणे

मोठ्या हॉटेलात प्रवेशद्वार आणि लिफ्ट यांच्या दरम्यान गालिचा, मंद दिवे आणि खोलगट खुर्च्या यांनी सजविलेली जी जागा असते, आणि जिला लाउंज म्हणण्याचा प्रघात आता मराठीतही रूढ झाला आहे, ती खरे पाहता कोणाच्याच हक्काची नसते. तेथे बसलेला मनुष्य कोणाची तरी वाट पाहत असतो, किंवा वरच्या खोलीत एकट्याला करमत नाही म्हणून खाली उतरलेला असतो. जे गाणे ऐकण्याच्या उद्देशाने आलेले नाहीत, ज्यांनी तिकीट काढलेले नाही, आणि चालू गाण्यातून उठून गेल्यास गाणाऱ्याचा अवमान होतो ही कल्पनाही ज्यांच्या मनाला शिवत नाही, अशा माणसांसमोर आठवड्यातून सहा रात्री, आणि दर रात्री तीन-चार वेळा पाऊण-पाऊण तास, गात राहणे हा ज्यांचा चरितार्थाचा व्यवसाय आहे, त्या फिरत्या गायक-गायिकांचा हा परिचय आहे. बँकॉक, हाँगकाँग, सिंगापूर, दुबई, दोहा यांपैकी कोणत्याही शहरात अशा गायिकेला तिचा मुलूख विचारला, तर उत्तर बहुधा एकच मिळते, आणि ते म्हणजे फिलिपीन बेटे.

आपल्या बैठकीतला गवई श्रोत्यांचे चित्त स्वतःकडे ओढून घेतो आणि ते ओढले गेले नाही तर तंबोरा खाली ठेवतो. या गायिकेला मात्र नेमकी उलट विद्या साधावी लागते. तिचा आवाज टेबलाभोवतीच्या संभाषणाच्या पातळीखाली वाहिला पाहिजे, आणि तरीही तो थांबला की सगळ्या दालनाला काहीतरी हरवल्यासारखे वाटले पाहिजे. संध्याकाळच्या पहिल्या सेटमध्ये, जेव्हा व्यापारी मंडळी कागदपत्रे पसरून बसलेली असतात, तेव्हा जुनी जाझ गीते किंवा ब्राझीलकडील बोसा नोव्हा चालते, कारण त्यांची लय चालू कामाच्या आड येत नाही. दुसऱ्यात ओळखीची गीते येतात. आणि रात्र चढून पेले दोन-तीनदा भरले गेले म्हणजे फर्माईशींना आरंभ होतो. फर्माईश कागदी रुमालाच्या कोपऱ्यावर लिहून वेटरच्या हाती येते. तीवरचे गाणे तिला येत नसेल तर तसे सांगण्याचा शिरस्ता नाही; त्याच गायकाचे दुसरे गाणे हसतमुखाने सुरू करावयाचे असते, आणि पुष्कळदा फर्माईश करणाऱ्यालाही तेच हवे होते असा त्याचा समज होतो. शेजारी कीबोर्डवर बसलेला साथीदार, ज्याला ती आपल्या भाषेत ‘कुया’, म्हणजे दादा, म्हणते, तिचा घसा त्या दिवशी कसा आहे हे पहिल्या दोन ओळींत ओळखतो आणि कोणाच्या लक्षात न येता पट्टी अर्ध्या सुराने उतरवतो. दारातून जपानी पाहुण्यांचा घोळका आत येताना दिसला की चालू गाणे संपता संपता १९६१ सालचे क्यू साकामोतोचे ते शीळ घातलेले गाणे निघते. चिनी कुटुंब दिसले तर तेरेसा तेंगचे चंद्रावरचे गाणे, जे तैवानपासून सिंगापूरपर्यंत ठाऊक नसलेला चिनी मनुष्य विरळा. या भाषा तिला येत नसतात. शब्द रोमन लिपीत उतरवून, उच्चार घोटून, ती ते म्हणते. आणि ज्याची ती मातृभाषा आहे त्याचे डोळे पाणावलेले पाहून, अर्थ आपल्याला लागत नाही हे ती कळू देत नाही.

अर्थ न कळणाऱ्या भाषेत शुद्ध गाण्याची ही हातोटी तिच्या देशात अलीकडची नाही. १५६५ मध्ये स्पेनचा अंमल या बेटांवर सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या पाद्र्यांनी खेडोपाडी चर्चे उभारून तेथील मुलांना लॅटिन प्रार्थनागीते शिकविली. वाद्ये आणावी तर समुद्र मोठा, म्हणून जे हाताशी होते त्यातून ती घडविली गेली. मनिलाजवळ लास पिन्यास येथे दिएगो सेरा नावाच्या पाद्र्याने १८२४ मध्ये पुरा केलेला ऑर्गन आजही वाजतो आणि त्याच्या १०३१ नळ्यांपैकी ९०२ नळ्या बांबूच्या आहेत. १८९८ मध्ये स्पॅनिश गेले आणि अमेरिकन आले; त्यांनी १९०२ मध्ये कॉन्स्टॅब्युलरीचे, म्हणजे सशस्त्र पोलीसदलाचे, बँडपथक उभे केले आणि त्यावर वॉल्टर लव्हिंग हा कृष्णवर्णीय अमेरिकन अधिकारी नेमला. हे पथक १९०४ साली सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनात वाजवीत असता ऐन भरात दिवे गेले, आणि तरीही एकही सूर न चुकता वादन पुरे झाले, अशी आख्यायिका फिलिपिनो वादक अभिमानाने सांगतात. त्यांच्या बोलीत कानाने ऐकून वाजविण्याला ‘विदो’ म्हणतात, जो मूळ स्पॅनिश ‘ओइदो’ या शब्दाचा अपभ्रंश आहे. आणि तबकडीवरच्यासारखे हुबेहूब वठले तर ते ‘प्लाकादो’. या दोन शब्दांत त्यांचे सारे व्याकरणशास्त्र आले म्हणावयास हरकत नाही.

पुढे क्लार्क आणि सुबिक या अमेरिकन लष्करी तळांभोवतीची गावे या विद्येच्या पाठशाळा झाल्या. काळ्या शिपायांचे अड्डे निराळे आणि गोऱ्यांचे निराळे. एकीकडे सोल संगीत हवे तर दुसरीकडे कंट्री, आणि दोन्हीकडील श्रोता दारू प्यालेला, घरापासून दूर, आणि मूळ गाणे पाठ असलेला. असा परीक्षक ज्यांना रोज रात्री लाभला त्यांचे गाणे प्लाकादो झाले नसते तरच नवल. त्यांना नकलाकार म्हणून हिणवण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. मला ती अन्यायाची वाटते. बालगंधर्वांच्या पदांतील हरकत न् हरकत गळ्यावर चढविणाऱ्यांना आपण कितीतरी वर्षे मानाने बोलावीत होतो, आणि त्यांच्याकडून नवे पद कोणी मागितले नव्हते.

येथे वाचकाला गोवा आठवला असेल, आणि ते यथायोग्यच आहे. तेथेही आयबेरियन राजवट, तेथेही चर्चला जोडलेली शाळा, तेथेही मेस्त्रीच्या छडीखाली सोल्फा आणि व्हायोलिन शिकलेली मुले. आणि शेतीत भागेना म्हणून तीच मुले मुंबई, कराची, रंगून आणि पूर्व आफ्रिकेकडे निघाली. मुंबईत धोबी तलावाजवळच्या जेर महालातील कुडांमध्ये, म्हणजे एकेका गावच्या सामायिक बिऱ्हाडांत, पेटीवर पेटी रचून ती राहत आणि रात्री हॉटेलांत वाजवीत. त्यांच्यापैकी सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वाजवीत असत. मुंबईत चिक चॉकलेट हे नाव धारण केलेले आंतोनियु शाविएर वाझ ताजमध्ये ट्रम्पेट फुंकीत. परक्या देशातून येऊन हॉटेलात गाणे-वाजविणे हा प्रकार मुंबईने दुसऱ्या बाजूनेही पाहिला आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमध्ये आला, आणि त्याच दशकात तेथे रुजू झालेला पियानोवादक टेडी वेदरफोर्ड हा तर या फिरत्या पेशाचा मूर्तिमंत दाखलाच होय. शिकागोत नाव मिळवून तो १९२६ मध्ये आशियाकडे निघाला, शांघायमध्ये रमला, मुंबईस आला, महायुद्धात कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात पोहोचला, आणि १९४५ मध्ये पटकीने तेथेच वारला, तेव्हा त्याचे वय अवघे ४१ होते. गोव्याच्या वादकांची हॉटेले दारूबंदीच्या कायद्याने मोडली, पण चित्रपटसृष्टीने त्यांना आसरा दिला. फिलिपीनच्या वादकांच्या वाट्याला सरकार आले.

ते असे. तेलाचा भाव चढला, देशात बेकारी माजली, आणि राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या राजवटीने १९७४ च्या कामगार-संहितेत माणसे परदेशी पाठविणे हे सरकारी धोरणच करून टाकले. त्यासाठी दप्तरे निघाली, कारकून बसले, आणि १९८२ मध्ये मिळकतीचा ठरावीक हिस्सा बँकेमार्फतच स्वदेशी पाठविला पाहिजे असाही हुकूम सुटला. गायिकेचे सरकारी नाव ‘परदेशस्थ सादरकर्ती कलावंत’ असे पडले. १९९१ मध्ये जपानात गेलेल्या एका बावीस वर्षांच्या फिलिपिनो मुलीचा संशयास्पद मृत्यू झाला आणि देशभर क्षोभ उसळला, तेव्हा राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो यांनी कलावंतांच्या रवानगीवर संपूर्ण बंदी घातली. दलालांनी सुधारणेची हमी दिल्यावर ती उठली, आणि १९९४ पासून परीक्षा उतरल्याखेरीज न मिळणारी कलावंताची नोंदवही सक्तीची झाली. दलालांच्या संघाने ही सक्ती प्रवासाच्या व व्यवसायाच्या घटनादत्त हक्काविरुद्ध आहे असा दावा लावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. गळा शाबूत आहे किंवा नाही हे कागदावर शिक्क्यानिशी सिद्ध करावे लागणे हा प्रकार कोणाही गवयाला हास्यास्पद वाटेल, आणि त्या मुलीची आठवण ठेवली तर हसूही येत नाही.

कागदाने रक्षण किती झाले, हा प्रश्न निराळा. २००४ मध्ये ‘मनोरंजनकार’ या सदराखाली जपानात शिरलेल्या फिलिपिनोंची संख्या ८० हजारांवर गेली होती, आणि त्यांतील बहुसंख्य मुलींचे काम गाण्याऐवजी दारूच्या टेबलाशी बसून गिऱ्हाइकाला रिझविणे हेच होते. अमेरिकेच्या मानवी व्यापाराविषयीच्या अहवालाने टीका केल्यावर जपानने २००५ मध्ये परक्या सरकारचा दाखला पुरेसा मानण्याची तरतूदच काढून टाकली. खऱ्या गायिकांनाही त्या बदलौकिकाची झळ लागली ती लागलीच. करारनाम्यात पाहुण्यांच्या टेबलाशी बसण्यास मनाई असली, तर तिला जाच वाटत नाही. तिच्या दृष्टीने तो तट असतो.

यंत्राचा घाव याहून जुना आहे, आणि तो घातला याच पेशातील माणसाने. कोबे शहरातील मद्यगृहांत गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करणारा दाइसुके इनोउए याला एका गिऱ्हाइकाने सहलीला बरोबर बोलाविले. त्याला सवड नव्हती, म्हणून त्याने साथ ध्वनिफितीवर भरून दिली. त्यातून १९७१ मध्ये कराओके यंत्र निघाले. असली अकरा यंत्रे करून त्याने भाड्याने लावली, परंतु पेटंट घेतले नाही. आता मोठ्या बँडच्या जागी एक गायिका, एक कीबोर्ड आणि पेटीत भरलेली साथ एवढ्यावरच पुष्कळ हॉटेले भागवितात.

या पेशातून निसटून जगापुढे आलेले एक नाव सर्वांच्या तोंडी आहे. आईच्या निधनानंतर बालपणी मनिलाच्या बागांत झोपलेला आर्नेल पिनेदा पुढे हाँगकाँगमध्ये वर्षानुवर्षे इतरांची गाणी गात होता. २००७ मध्ये ‘जर्नी’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या गिटारवादकाने, नील शॉनने, त्याच्या चित्रफिती यूट्यूबवर पाहिल्या आणि त्याला मुख्य गायक म्हणून बोलावून घेतले. ज्यांची गाणी तो प्लाकादो म्हणत असे, त्यांच्याच शेजारी उभा राहून तो ती म्हणू लागला. बाकीच्यांचा करार बहुधा तीन ते सहा महिन्यांचा असतो; तो वाढला तर ठीक, नाही तर पेटी भरून दुसऱ्या शहरी.

राहावयास खोली त्याच हॉटेलात मिळते, परंतु जेवण तळमजल्यावरील नोकरांच्या भोजनगृहात, आणि ये-जा मागील दाराने. वर झगमगीत पोशाखात जिला सारे दालन पाहत होते ती अर्ध्या तासाने चपला घालून ताट हातात घेऊन रांगेत उभी असते. दुबईत शेवटचा सेट मध्यरात्री संपतो तेव्हा मनिलात पहाटेचे चार वाजलेले असतात. घरी सकाळच्या पाळीच्या शाळेला जाणारे मूल पाचला उठते. म्हणून ती तोंडाचा रंग पुसून, गरम पाण्याचा पेला घेऊन तो एक तास जागत बसते, आणि फोन लागल्यावर, दिवसभरासाठी उरलेला घसा जपावयाचा असल्यामुळे, अगदी हळू आवाजात बोलते.