माउस बंद पडतो तेव्हा

आजचा विषय ऐकून पुढच्या रांगेतले काही जण हसले. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांची हयात गेली ते आता कीबोर्डवर बोलणार! पण गेल्या महिन्यात प्रसंगच असा आला, की बोलल्याशिवाय राहवेना. न्यायदर्शनावरची सात पानं लिहून झाली होती, रात्रीचे अकरा वाजले होते, आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला. पानं सेव्ह केलेली नव्हती. आमचा हात सरळ बंद करायच्या बटणाकडे गेला होता, वेळीच मागे घेतला.

पहिला प्रश्न हा, की बंद काय पडलंय? माउस की कॉम्प्युटर? दोन्ही वेळा दिसतं एकच: बाण हलत नाही. डोंगरावर धूर दिसला की अग्नीचं अनुमान करावं, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. आणि धुक्यालाच धूर समजलात तर अनुमान फसतं, हेही. थिजलेला बाण म्हणजे ते धुकं. खरी खूण हवी असेल तर कॅप्स लॉकची कळ दाबा. तिचा दिवा लागला, पुन्हा दाबल्यावर विझला, तर यंत्र जागं आहे, फक्त माउस गेला. मग कंट्रोल आणि एस. फाइलला नाव विचारलं तर ते टाइप करा आणि एंटर. आमची सात पानं अशी वाचली.

हे त्या वेळी सुचलं, त्याचं श्रेय आमच्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याला. तो कानाला हेडफोन लावून, पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर काम करायचा आणि माउस बाजूला सारून ठेवायचा. आम्ही एकदा कळवळून विचारलं, "अरे, माउसवाचून अडत नाही का?" तो म्हणाला, "सर, बाण दिसतो त्याला माउस. मी आत्ता कुठे आहे एवढं कळलं, की माझं भागतं." तेव्हा आम्हाला ते नुसतं धीराचं बोलणं वाटलं होतं. त्या रात्री कळलं, की त्याने कीबोर्डचं सगळं शास्त्रच सांगितलं होतं.

म्हणजे काय, ते बघू. माउसने आपण बोट दाखवतो: 'ते, तिकडचं.' मधलं काही ओलांडावं लागत नाही. कीबोर्डला बोट नाही. त्याला जागा असते आणि पुढची जागा असते. या 'आत्ताच्या जागे'ला फोकस म्हणतात. पडद्यावर एखाद्या बटणाभोवती ठिपक्यांची किंवा जाड रेघेची चौकट दिसते ना, तोच. टॅब दाबली की फोकस पुढच्या दारी जातो, गल्लीतल्या पोस्टमनसारखा. शिफ्ट धरून टॅब दाबली की मागच्या दारी. दार उघडायचं एंटरने. चौकोनात बरोबरची खूण करायची ती मात्र स्पेसबारने. आणि 'स्त्री, पुरुष, अन्य' अशा गोल पर्यायांत टॅबने फिरता येत नाही, तिथे बाणांच्या कळा लागतात. बहुतेक लोक इथेच अडकतात आणि अर्ज अर्धा सोडून देतात.

बाकीचं भराभर सांगतो. विंडोजची कळ दाबून प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं की तो सापडतो. ऑल्ट धरून टॅब दाबली की एका खिडकीतून दुसरीत. वर्डमध्ये नुसती ऑल्ट दाबा, वरच्या प्रत्येक आज्ञेवर एकेक अक्षर उमटतं. उजव्या क्लिकऐवजी शिफ्ट आणि एफ-१०. खिडकी बंद करायला ऑल्ट आणि एफ-४.

ही सोय कुणी दयेपोटी मागाहून चिकटवली, असं समजू नका. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस जगाला दाखवला, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताखाली माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा एक छोटा संच. एकटा माउस पुरेल असं त्याच्या जनकालाही वाटलं नव्हतं! उलट १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कीबोर्डवर बाणांच्या कळाच नव्हत्या. लोकांनी माउस वापरावा म्हणून त्या मुद्दाम गाळल्या होत्या. आणि १९८७ मध्ये आयबीएमने आपले नियम छापले, त्यांत ऑल्ट आणि एफ-४ यांसारख्या जोड्या ठरवून दिल्या. आजही आपण त्याच दाबतो.

तरीही एखादं चित्र, एखादा नकाशा बाणाशिवाय हाती लागत नाही. त्यासाठी विंडोजची कळ आणि यू दाबून सुलभतेच्या सेटिंगमध्ये जा आणि 'माउस कीज' चालू करा. मग उजवीकडच्या आकड्यांपैकी ८, २, ४, ६ ने बाण वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सरकतो आणि ५ म्हणजे क्लिक. बैलगाडीच्या चालीने चालतो, पण पोचतो. पुष्कळ लॅपटॉपांवर हे वेगळे आकडे नसतात, पण तिथे टचपॅड असतं.

आता, आमच्या माउसला झालं काय होतं? सकाळी नातवाने तो उलटा केला, झाकण काढलं आणि नवा पेन्सिल सेल घातला. बस्स. पुढच्या वेळी प्रत्येकाने घरी दहा मिनिटं माउस बाजूला ठेवून एक पत्र लिहून यायचं आहे, सेव्ह करून. कुणाची काही शंका असेल तर आता घेऊ.