नवें गाणें आणि रोजचा कान



सुशिक्षित घरांतून संध्याकाळीं गाणें लागतें तेव्हां एक गोष्ट बहुधा दिसून येते. राग ओळखीचा, चीज ओळखीची, आवाजही ओळखीचा असला म्हणजे माणसें काम करतां करतां मान डोलावितात. परंतु स्वर अनपेक्षित ठिकाणीं तुटला, शब्द अर्धाच सोडून दिला गेला, अथवा दोन गायक एकाच वेळीं दोन निरनिराळे राग गाऊं लागले, कीं कोणाचा तरी हात यंत्राच्या कळीकडे जातो. "हें काय चाललें आहे?" एवढ्या चार शब्दांत त्या गाण्याचा निकाल लागतो. आज मला ज्या गाण्याविषयीं बोलावयाचें आहे तें हेंच, निकाल लागून बंद पडलेलें गाणें होय. त्याला आपण प्रायोगिक कंठसंगीत म्हणूं. तें चांगलें कीं वाईट, हें पहिल्या ऐकण्यावरून ठरवितां येत नाहीं. तें ठरविण्याची योग्यता कानाला रोजच्या थोड्या थोड्या श्रवणानें येते, असें माझें म्हणणें आहे. प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाहीं. ज्या गाण्याला थांबून ऐकणारा मिळत नाहीं, त्याला पुढें गाणाराही मिळत नाहीं.

प्रथम प्रयोग म्हणजे काय तें पाहूं. गळ्यांतून निघणाऱ्या गाण्याचे तीन आधार आहेत: श्वास, स्वर आणि शब्द. रूढ गाण्यांत या तिघांचें एकमेकांशीं नातें ठरून गेलेलें असतें. ख्यालाचा गवई दमसास सांभाळून स्वर लांबवितो, रागाचे नियम पाळतो, आणि बंदिशीचे शब्द घेऊन समेवर येतो. प्रयोग करणारा या तिघांपैकीं एखाद्याचें नातें बदलून पाहतो. आपणांस जें विक्षिप्त वाटतें तें पुष्कळदां एवढेंच असतें. म्हणून नवें गाणें ऐकतांना "हें मला आवडलें का?" हा प्रश्न दुसरा ठेवावा, "यानें तिघांपैकीं कोणाला हात घातला आहे?" हा पहिला ठेवावा.

श्वासाचें उदाहरण आपल्या परिचयाचें आहे. पंडित कुमार गंधर्व यांचा जन्म 8 एप्रिल 1924 रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील सुळेभावी येथें झाला. शिवपुत्र कोमकळी हें त्यांचें मूळ नांव. लहानपणीं ते थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिकांतील गाणें हुबेहूब म्हणून दाखवीत. पुढें मुंबईस प्रो. बा. र. देवधर यांच्याजवळ त्यांचें शिक्षण झालें. ऐन उमेदींत त्यांना क्षयानें गांठलें, आणि हवा मानवेल म्हणून 1948 सालीं ते माळव्यांत देवास येथें राहावयास गेले. पुढचीं सुमारें पांच वर्षें त्यांचें गाणें बंद होतें. स्ट्रेप्टोमायसिन हें औषध मिळूं लागल्यावर दुखणें हटलें. परंतु तोंपर्यंत एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालें होतें.

ज्या गायकीची इमारत लांब दमसासावर उभी आहे, ती अर्ध्या श्वासांत कशी गावयाची? गाणें सोडून देणें हा एक मार्ग होता. पूर्वीच्या गाण्याची दुबळी नक्कल करणें हा दुसरा. कुमारांनीं तिसरा शोधला. लहान लहान पण टोकदार स्वरवाक्यें, एकाएकीं वरच्या स्वरावर घेतलेली झेप, आणि दोन वाक्यांच्या मध्यें मोकळी सोडलेली जागा, हें त्यांच्या गाण्याचें लक्षण झालें. ती जागा रिकामी नसते. गायक थांबतो तेव्हां तंबोऱ्याचा षड्ज पुढें येतो आणि नुकताच लावलेला स्वर त्यांत विरघळतो. "गाणें तुटलें" असें जो म्हणतो, त्यानें बहुधा गायक ऐकलेला असतो, तंबोरा ऐकलेला नसतो. अर्थात् सारें श्रेय दुखण्याला देणें योग्य नव्हे. क्षयानें दम हिरावून घेतला; उरलेल्या श्वासाचें काय करावयाचें, हें बुद्धीनें ठरविलें. त्यांच्या विलंबित ख्यालाच्या मांडणीवर जाणत्यांनीं आक्षेपही घेतले. ते वाद ऐकून केलेले होते, न ऐकतां नव्हे, हें येथें महत्त्वाचें आहे.

अंथरुणावर पडून राहिलेल्या या गवयानें त्या वर्षांत केलें काय? ते ऐकत राहिले. लग्नकार्यांत व सणावारीं माळव्यांतील बायका म्हणत तीं गाणीं, फिरत्या जोग्यांचीं निर्गुणी भजनें, हें सारें त्यांच्या कानीं रोज पडे. बरें झाल्यावर त्यांनीं या धुना जमविल्या, त्यांचीं स्वरलेखनें केलीं, आणि त्यांतून मालवती, संजारी, लगनगांधार, सहेली तोडी असे नवे राग मांडले. यांना ते धून-उगम राग म्हणत. 1965 सालीं 'अनूपरागविलास' या ग्रंथांत त्यांच्या बंदिशी व नवे राग स्वरलिपीसह छापले गेले.

धुनेपासून राग निघतो तो कसा? लोकगीताची चाल चार-पांच स्वरांतच फिरते. पण त्या फिरण्याला वळण असतें. चाल कोणत्या स्वरावर विसांवते, कोणत्या स्वराला नुसती शिवून परतते, कोणता स्वर जाणूनबुजून टाळते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या लहान चालींत एका मोठ्या रागाचे चढउतार बीजरूपानें दिसूं लागतात. पण तें बीज एकदां ऐकून सांपडत नाहीं. घरच्या बाईनें शंभर वेळां म्हटलेली चाल जो शंभर वेळां ऐकतो, त्यालाच तिच्यांतील टाळलेला स्वर ऐकूं येतो.

हें समजण्यास आम्हां खानदेशांतल्या लोकांना फार दूर जावयास नको. जळगांवाजवळील असोदा हें माझें गांव. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म येथलाच, 1880 सालचा. त्यांना लिहितां वाचतां येत नव्हतें. जात्यावर आणि शेतांत त्यांनीं गाणीं रचलीं, घरच्या माणसांनीं तीं टिपून ठेवलीं, आणि 1951 सालीं त्या वारल्यानंतर 1952 सालीं त्यांचे चिरंजीव कवि सोपानदेव यांच्यामुळें तीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. जात्यावरची ओवी ज्यानें ऐकली आहे त्याला श्वासाचा हिशेब वेगळा समजावून द्यावा लागत नाहीं. खुंटा ओढतांना जोर लागतो, तेथें स्वर दाबला जातो. पाळें सुटून येतें, तेथें स्वर मोकळा होतो. मुठीनें दाणे घालावयाच्या वेळीं ओळ थांबते, पण जात्याची घरघर चालूंच असते. गाण्यामधील ती थांबलेली जागा आणि कुमारांच्या गाण्यांतील मोकळी जागा यांचें नातें जवळचें आहे. एकीकडे जातें षड्ज धरतें, दुसरीकडे तंबोरा.

आतां दुसरा आधार, स्वर. पुरुष आणि स्त्री यांनीं बरोबर ख्याल गावयाचा म्हटलें कीं एक अडचण येते. स्त्रीची पट्टी पुरुषाच्या पट्टीहून बरीच उंच असते. एकाच षड्जावर दोघांनीं गाइलें तर एकाचा गळा अवघडतो. पंडित जसराज (1930–2020) यांनीं मूर्च्छनेच्या जुन्या तत्त्वावर यावर तोड काढली, आणि त्या प्रकाराला जसरंगी असें नांव पडलें. पुरुषाचा जो मध्यम, तोच स्त्रीचा षड्ज. दोघे आपापल्या पट्टींत, आपापला निराळा राग गातात. अश्विनी भिडे-देशपांडे आणि संजीव अभ्यंकर यांनीं ही जुगलबंदी महाराष्ट्रांतील श्रोत्यांना परिचयाची करून दिली आहे.

ऐकणाऱ्याला प्रथम वाटतें कीं दोन मैफली एकमेकींत मिसळल्या आहेत. पण घरांत बाजाची पेटी असेल तर उद्यां सकाळीं एक परीक्षा करून पाहावी. पांढरी एक हा षड्ज धरावा आणि पांढरी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी चार, पांढरी सहा या पांच पट्ट्या वाजवाव्या. षड्ज, ऋषभ, कोमल गांधार, मध्यम, धैवत: हे आभोगी रागाचे स्वर झाले. आतां याच पांच पट्ट्या ठेवाव्या, एकही बदलूं नये. फक्त पांढरी चार हा षड्ज मानावा. तेथून मोजलें असतां षड्ज, गांधार, पंचम, धैवत आणि कोमल निषाद असे स्वर मिळतात. हा कलावती. पट्ट्या त्याच, राग दोन. गायक आभोगी गातो आणि गायिका कलावती गाते, तेव्हां दोघांच्या स्वरसंग्रहांत कांहींच भांडण नसतें. भांडण आपल्या कानांत असतें, कारण कान एकाच षड्जाला चिकटून बसलेला असतो. त्याला दोन घरीं पाहुणा म्हणून जाण्याची संवय आठवड्याभरांत लागते.

तिसरा आधार शब्द. याबाबतींत पाश्चात्य संगीतकारांनीं विशेष धाडस केलें आहे. 1912 सालीं बर्लिन येथें आर्नोल्ड शोनबर्ग यांची 'पिएरो ल्युनेर' ही एकवीस कवितांची रचना प्रथम सादर झाली. तींत बाई धड गात नाहीं आणि धड बोलतही नाहीं. स्वराला शिवते आणि लगेच त्यावरून घसरते. लुचानो बेरिओ या इटालियन संगीतकारानें 1965 च्या सुमारास गायिका कॅथी बर्बेरियन हिच्याकरितां एकट्या आवाजाची एक रचना केली. तींत हंसणें, पुटपुटणें, खोकणें, आणि अर्थ लागूं न देतां फोडलेले शब्द हेंच गाण्याचें साहित्य आहे. हें ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांस हंसूं येईल. परंतु क्षणभर कीर्तनाला बसल्याची आठवण करा. बुवा निरूपण करीत असतात. बोलतां बोलतां वाक्याला सूर लागतो, सुराला ठेका मिळतो, आणि श्रोत्यांना कळण्यापूर्वींच बोलण्याचें पद झालेलें असतें. कोणत्या क्षणीं बोलणें संपलें आणि गाणें सुरू झालें, हें कोणी सांगावें? आणि निरर्थक अक्षरें म्हणाल तर आपला तराणा सारा त्यांचाच बनलेला आहे. मराठी श्रोता या नव्या गाण्याला जितका परका समजतो तितका तो परका नाहीं. त्याच्या घरांत त्याची तयारी पिढ्यान् पिढ्या झालेली आहे.

आतां रोजच्या श्रवणाची रीति सांगतों. पूर्वीच्या तबकडीच्या एका बाजूला सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे, आणि घरांत तबकड्या थोड्या असत. म्हणून तेंच तें गाणें पुन्हां पुन्हां ऐकलें जाई. आज खिशांतल्या फोनवर हवें तें गाणें मिळतें आणि बोटाच्या एका स्पर्शानें टाकूनही देतां येतें. साधन वाढलें, पण पुनःश्रवण घटलें. तें आपण होऊन परत आणावें लागेल. दिवसांतून एक पाव तास ठरवावा. एक आठवडा एकच गाणें ठेवावें, आणि त्या वेळीं हातांत वर्तमानपत्र किंवा निवडावयाची भाजी नसावी. पहिल्या दिवशीं कांहीं शोधूं नये. दुसऱ्या दिवशीं केवळ गायक श्वास कोठें घेतो तें पाहावें. तिसऱ्या दिवशीं षड्ज आपण स्वतः गुणगुणत धरून ठेवावा. चौथ्या दिवशीं ठेका असल्यास सम मोजावी. नसल्यास गाण्याची चाल कशानें सांभाळली आहे तें पाहावें. पांचव्या दिवशीं शब्दांकडे वळावें. सहाव्या दिवशीं त्याच रागाचें, किंवा त्याच जातीचें, जुन्या वळणाचें गाणें शेजारीं ठेवून दोन्ही ऐकावीं. सातव्या दिवशीं पुन्हां कांहीं न शोधतां ऐकावें. घरांतल्या मुलांना जवळ बसवावें. त्यांचा कान अजून एकाच वळणाचा झालेला नसतो, आणि त्यांचे प्रश्न पुष्कळदां नेमक्या जागीं बोट ठेवतात.

आठवड्यानंतर प्रत्येक प्रयोग गोड वाटेलच असें मी म्हणत नाहीं. प्रयोग फसतातही. पण आतां तुम्हांला परीक्षा घेतां येईल. गायकानें जें मोडलें त्याच्या जागीं कांहीं उभें केलें का? जें विचित्र वाटलें तें दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यांत आवश्यक वाटूं लागलें का, कीं तें काढून टाकलें तरी गाणें तसेंच राहिलें असतें? आणि सातव्या दिवशीं त्या गाण्यांत पहिल्या दिवसाहून अधिक कांहीं सांपडलें का? तिन्ही उत्तरें नकाराचीं आलीं तर तें गाणें खुशाल सोडावें. तो नकार विचाराचा असेल, आणि गायकालाही त्याचा उपयोग होईल. कळ फिरवून दिलेल्या नकाराचा कोणालाच उपयोग नसतो.

कुमार गंधर्व 12 जानेवारी 1992 रोजीं देवास येथें निवर्तले. त्यापूर्वीं 1990 सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें होतें. ज्या निर्गुणी भजनांच्या मांडणीचें एके काळीं नवल वाटे, तीं आज पुष्कळ घरांत सकाळच्या देवपूजेबरोबर लागतात, आणि त्यांच्या बंदिशी तरुण गवई परंपरेचा भाग म्हणून शिकतात. नवलाची परंपरा झाली ती पुरस्कारानें नव्हे. ती जागोजागच्या श्रोत्यांनीं पुन्हां पुन्हां ऐकून घडविली. आज जे तरुण गायक-गायिका श्वासाला, स्वराला किंवा शब्दाला नव्यानें हात घालीत आहेत, त्यांचें पुढें काय होणार हें कांहीं अंशीं आपल्या त्या पाव तासावर अवलंबून आहे. तेवढा वेळ त्यांना द्यावा, आणि मग निकाल द्यावा.