मंगळवारच्या सामन्याचं तिकीट

जानेवारीतली मंगळवारची रात्र. उत्तर इंग्लंडमधल्या आमच्या गावच्या फुटबॉल मैदानाबाहेर मी आणि आमच्या शेजारचे आजोबा रांगेत उभे होतो. रांग कसली, आमच्यापुढे सहा माणसं. पाऊस नव्हता, पण हवेतल्या ओलीनं मफलर दमट झाला होता. इथल्या जुन्या मैदानांना आत शिरायला एक अरुंद लोखंडी फिरतं दार असतं. अंगानं जाड माणूस आडवा होऊनच आत जातो. दाराशेजारच्या खिडकीवर दरपत्रक लावलं होतं आणि जुन्या आकड्यांवर नव्या आकड्यांच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. मोठ्यांना २४ पौंड, ज्येष्ठांना १८, मुलांना १०. आजोबांबरोबर दोन नातवंडं होती. त्यांनी ओठातल्या ओठात बेरीज केली. ३८ पौंड. आपले चार हजार रुपयांच्या पुढे.

आमचा संघ चौथ्या पायरीवर खेळतो. इंग्लंडमध्ये वरच्या पायरीला प्रीमियर लीग म्हणतात, तिच्याखाली आणखी तीन पायऱ्यांवर पूर्ण व्यावसायिक संघ असतात आणि त्याखालीही बहुतेक निमव्यावसायिक आणि हौशी संघांच्या पायऱ्यांवर पायऱ्या. आजोबा आठव्या वर्षापासून याच मैदानावर येतात, आता ते चौऱ्याहत्तरचे आहेत. गोलच्या मागे त्यांची उभं राहण्याची जागा ठरलेली आहे. तिथल्या कठड्याचा निळा रंग हात ठेवून ठेवून उडालाय. खिशातून नोटा काढता काढता ते म्हणाले, "मोठा संघ आला असता तर समजू शकलो असतो. पण आज समोर कोण आहे ते बघ तरी."

समोर होता तक्त्यात तळाला असलेला, दीडशे मैलांवरून आलेला एक संघ. त्याचे पाहुणे समर्थक मी मोजले, नव्वदच्या आसपास भरले. हा सामना उद्या कुणाच्या लक्षात राहणार नव्हता. आणि तरीही त्याचा दर वाढला होता.

मी मूळचा कोल्हापूरचा, म्हणून ही माणसं मला पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की गॅलरीत जी ईर्षा पेटते, ती खेळाच्या दर्जावरून पेटत नाही. माणूस कुठल्या पेठेतला, कुठल्या तालमीचा, यावर सगळं ठरतं. संघ कुणी निवडत नाही, आडनावासारखा तो आधीच लागलेला असतो. शिवाजी तरुण मंडळाचा किंवा खंडोबा तालमीचा माणूस संघ हरतोय म्हणून दुसऱ्या तालमीकडे गेल्याचं मी लहानपणी कधी ऐकलं नाही. इथेही तसंच आहे. दुकानदारानं तूरडाळ महाग केली तर गिऱ्हाईक चार पावलं पुढच्या दुकानात जातं. आजोबा कुठे जाणार? बारा मैलांवर दुसरा क्लब आहे, तिथलं तिकीट स्वस्त आहे, आणि तिथे पाऊल टाकणं त्यांच्या कल्पनेतही येत नाही.

तिकिटांच्या दराची सगळी गोम इथे आहे. ज्याला दुसरीकडे जाता येत नाही, त्याच्याकडून जास्त घेता येतं. एरवी व्यापारात जुन्या गिऱ्हाइकाला सूट मिळते. फुटबॉलमध्ये जुना माणूस हाच सगळ्यात हक्काचा पैसा. त्याचा फायदा घ्यायचा की नाही, हा निर्णय क्लबच्या कार्यालयात बसलेल्या माणसांचा असतो, आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तो बहुतेक वेळा एकाच बाजूनं लागला आहे.

दरवाढीची सुरुवात एका मोठ्या दुःखातून झाली. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली, त्यात अखेर ९७ माणसांचा जीव गेला. न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये अंतिम अहवाल दिला आणि मोठ्या मैदानांवर उभं राहायची जागा काढून सगळीकडे खुर्च्या बसवा असं सांगितलं. खुर्च्या आल्या म्हणून दर भरमसाट वाढवण्याची गरज नाही, हेही त्यांनी लिहून ठेवलं होतं. त्यासाठी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचं उदाहरण दिलं होतं: बसायला ६ पौंड, उभं राहायला ४. अहवालातल्या खुर्च्या सगळ्यांनी घेतल्या. सहा पौंडांचं वाक्य तिथेच राहिलं. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, टीव्हीचा पैसा आला, आणि दर महागाईला कितीतरी मागे टाकून चढत गेले.

तरी बरीच वर्षं एक रीत टिकून होती. सामन्यांची प्रतवारी असायची. लिव्हरपूल, आर्सेनल आले की तिकीट महाग. तळाचा संघ आला, चषकाची सुरुवातीची फेरी असली की स्वस्त. हाच स्वस्त सामना बापाला परवडायचा आणि त्यालाच तो पोराला पहिल्यांदा घेऊन यायचा. मोठ्या सामन्याला तिकीट मिळतंय कुणाला? मैदानाची सवय पोराला लागते ती अशाच बिनमहत्त्वाच्या रात्री, अर्ध्या रिकाम्या स्टँडमध्ये, जिथे जागा बदलून बसता येतं आणि खेळाडूंचं एकमेकांवर ओरडणं ऐकू येतं.

ही रीत आता मोडत चालली आहे. मँचेस्टर युनायटेडनं २००७ मध्ये सीझन तिकीटवाल्यांवर, म्हणजे पूर्ण हंगामाचं तिकीट एकदम घेणाऱ्यांवर, सक्ती केली, की घरच्या मैदानावरच्या चषक सामन्यांची तिकिटंही घ्यायलाच हवीत, मग तो लीग कपचा किरकोळ सामना का असेना. पुढे डिसेंबर २०२४ पासून याच क्लबनं हंगाम चालू असतानाच सभासदांसाठी उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला. आधी मोठ्यांना ४० आणि मुलांना २५ पौंडांपासून मिळायचं. त्या हंगामात मुलांची सवलत गेली, ज्येष्ठांची गेली. जानेवारी २०२५ मध्ये तळाला रुतलेला साउदॅम्प्टन तिथे खेळायला आला. त्या सामन्याला दहा वर्षांच्या मुलाला ६६ पौंड! समर्थकांनी फलक धरले, त्यावरच्या मजकुराचा अर्थ एवढाच होता: आमच्या निष्ठेचा गैरफायदा घेणं थांबवा. प्रीमियर लीगला २०२५ पासूनच्या चार हंगामांसाठी फक्त ब्रिटनमधल्या प्रक्षेपणाचे ६.७ अब्ज पौंड मिळतात. त्या डोंगरापुढे पोरांच्या तिकिटातून निघणारी रक्कम किती असेल? ती न घेता क्लब सहज चालला असता.

समर्थक नुसते सोसत बसले असंही नाही. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलनं पाहुण्यांचं तिकीट ६२ पौंड ठेवलं, तेव्हा मँचेस्टर सिटीच्या वाट्याची ९१२ तिकिटं न विकता परत गेली. पाहुण्यांना वीस पौंडांत तिकीट द्या, ही मोहीम त्याच महिन्यात जोरात सुरू झाली. ६ फेब्रुवारी २०१६ ला लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर जे घडलं ते तर मी कधी विसरणार नाही. पुढच्या हंगामात काही तिकिटं ७७ पौंडांना विकायचं मालकांनी ठरवलं होतं. संघ २-० नं पुढे होता. घड्याळात ७७वं मिनिट लागलं आणि सुमारे दहा हजार माणसं उठून चालू पडली. सामना २-२ असा सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि दरवाढ मागे घेतली. त्याच आठवड्यात जर्मनीत डॉर्टमुंडच्या समर्थकांनी स्टुटगार्टमधल्या चषक सामन्यात महाग तिकिटांच्या निषेधार्थ मैदानावर टेनिसचे चेंडू फेकले.

या सगळ्यातून एक ठोस गोष्ट हाती आली. २०१६-१७ च्या हंगामापासून प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या समर्थकाच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा आहे. पण ती फक्त वरच्या पायरीवर. खाली, जिथे पैसा कमी आणि प्रवास तेवढाच लांब, तिथे अशी मर्यादा नाही. तिथला नियम एवढाच सांगतो, की सारख्या जागेसाठी पाहुण्याकडून घरच्यापेक्षा जास्त घेऊ नका.

खालच्या पायऱ्यांवरचं दुखणं मात्र वेगळं आहे आणि ते समजून न घेता नुसतं क्लबला बोलणं मला जमत नाही. मोठ्या क्लबला दाराचं उत्पन्न ही वरकमाई. आमच्यासारख्या क्लबचा पगार, वीजबिल, गवत, पोलिसांचा खर्च या दारावरच भागतो. २०२२ नंतर विजेचे दर भडकले आणि मंगळवारच्या सामन्याला दिवे तर लावावेच लागतात. एप्रिल २०२५ पासून किमान वेतन वाढलं, कर्मचाऱ्यांमागे मालकानं सरकारला भरायचा हिस्साही वाढला. या देशात एक शहाणी परंपरा आहे: शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच थेट फुटबॉल टीव्हीवर दाखवत नाहीत, १९६० च्या दशकापासून, म्हणजे माणसं छोट्या मैदानांवर जातील. मंगळवारच्या रात्रीला हे कवच नाही. त्या रात्री घरातल्या टीव्हीवर युरोपचे सगळ्यात मोठे संघ खेळत असतात.

म्हणून खजिनदार दर वाढवतो. मला त्याची अडचण दिसते. पण हिशोबाच्या वहीत न दिसणारी एक वजाबाकीही आहे: दोन पौंड वाढवल्यावर आजोबा येतीलच, नातवंडं येणं कमी होईल, आणि पंधरा वर्षांनी त्या कठड्याला हात लावणारं कुणी उरणार नाही.

निष्ठेवर किती भार टाकता येतो हे पाहायचं तर बरीला जावं. मँचेस्टरच्या उत्तरेचं हे गाव, क्लब १८८५ चा. १९०३ च्या एफए कप अंतिम सामन्यात बरीनं डर्बीला ६-० हरवलं. त्या फरकाची बरोबरी व्हायला २०१९ उजाडलं. त्याच वर्षी २७ ऑगस्टला कर्जात बुडालेल्या बरीला लीगमधून काढून टाकलं. त्या दिवशी सकाळी क्लब वाचेल या आशेनं समर्थक झाडू, बादल्या घेऊन गिग लेन मैदान साफ करायला आले होते. खुर्च्या पुसत होते. संध्याकाळी बातमी आली. पुढे याच माणसांच्या बळावर मैदान परत मिळालं, क्लब उभा राहिला, आणि नवव्या पायरीवरच्या सामन्यांना तिथे तीन हजारांवर माणसं जमू लागली. अशा माणसांकडून आणखी किती घ्यायचं, हा प्रश्न मला कुठल्याही ताळेबंदापेक्षा मोठा वाटतो.

ब्लॅकबर्न रोव्हर्सचं नाव घेतल्याशिवाय मराठी माणसानं हा विषय संपवू नये. १९९५ चा प्रीमियर लीग विजेता हा क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये कोंबड्यांच्या व्यवसायातल्या पुण्याच्या वेंकीज समूहानं घेतला. २०१२ मध्ये संघ खाली घसरला. ही घसरण ज्या सामन्यात पक्की झाली, त्यात चिडलेल्या समर्थकांनी मैदानात कोंबडी सोडली होती. २०१६ मध्ये समर्थक १८व्या मिनिटाला आत आले आणि ७५व्या मिनिटाला बाहेर पडले, कारण क्लबचा जन्म १८७५ चा. २०१७ मध्ये संघ तिसऱ्या पायरीवर गेला, वर्षभरात परतला. मालकांनी तिथे स्वतःचे पैसे ओतले हेही खरं. पण पुण्यात घेतलेला निर्णय लँकेशायरच्या पावसात उभ्या असलेल्या माणसाच्या खिशापर्यंत आणि मनापर्यंत पोचतो. तिथल्या लोकांशी बोलताना मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर पुढचा प्रश्न काय येणार हे मला आता पाठ आहे, आणि त्या प्रश्नात राग कमी, दुखावलेपण जास्त असतं.

वेगळं वागणारेही आहेत. हडर्सफील्ड टाउननं तिसऱ्या पायरीवर असताना, २०१० मध्ये, शब्द दिला: सीझन तिकीट सलग घेत राहा, आपण प्रीमियर लीगला पोचलो तर तुमचं तिकीट १०० पौंडांत. २०१७ मध्ये संघ खरंच पोचला आणि सुमारे चार हजार जणांना पूर्ण हंगाम शंभर पौंडांत पाहायला मिळाला. मँचेस्टर युनायटेडच्या मालकबदलानं दुखावलेल्या लोकांनी २००५ मध्ये स्वतःचा एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर काढला. एक सभासद, एक मत. २००९ पासून तिथे सीझन तिकिटाला एक किमान रक्कम ठरवतात, त्यावर ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायचं. जुलै २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभाराचा नवा कायदा आला. आता तिकिटांच्या दरांबद्दल समर्थकांशी बोलणं क्लबांवर बंधनकारक होतंय. बोलणं म्हणजे ऐकणं नव्हे, पण दार किलकिलं तरी झालं.

आमच्या क्लबला मी पत्र लिहिलं. मंगळवारच्या सामन्यांना सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर फुकट सोडा, एवढंच मागितलं. उत्तर आलं, विचार करतो म्हणून.

आजोबांनी तोवर आपली वाट काढली आहे. हल्ली ते एका वेळी एकच नातवंड आणतात, पाळीपाळीनं. परवाच्या सामन्याला धाकट्या नातीचा नंबर होता. मध्यंतर झालं, माणसं चहाच्या खिडकीकडे वळली, आणि आजोबांनी फोन काढून तिच्या हातात दिला. पलीकडे घरी बसलेला मोठा भाऊ. ती त्याला सगळं सांगत होती: कोण पडला, पंचानं काय चूक केली, आपला नवा गोलरक्षक कसा ओरडतो. मग जरा थांबून तिनं फोन कठड्यापलीकडे मैदानाच्या दिशेनं धरला, त्यालाही आवाज ऐकू जावा म्हणून.