कुणी न केलेली विरळणी

लॉजपोल पाइनचा शंकू हातात घेतला तर लाकडी भोवऱ्यासारखा घट्ट लागतो. खवले राळेने चिकटलेले, बिया आत बंद. असा तो वर्षानुवर्षं फांदीवर राहतो. साधारण 45 ते 60 अंश सेल्सियसची धग लागली की राळ वितळते, खवले उमलतात आणि जळालेल्या आईच्याच राखेत बिया पडतात.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1988 च्या उन्हाळ्यात हे अफाट प्रमाणावर घडलं. उद्यानाचा सुमारे 36 टक्के भाग आगीच्या कचाट्यात सापडला. सप्टेंबरात बर्फ पडलं तेव्हा कुठे ती आवरली. जंगल संपलं, असंच पुष्कळांना वाटलं. अकरा वर्षांनी शास्त्रज्ञांनी रोपं मोजली, तर काही ठिकाणी एकही नाही आणि काही ठिकाणी हेक्टरी पाच लाखांवर! म्हणजे मीटरभर लांब-रुंद चौकोनात पन्नासेक पाइन. वाफ्यात मेथी उगवावी तसे.

इतक्या दाटीचं पुढे काय करायचं, हे बाजरी पेरणारा कुणीही सांगेल: विरळणी. पण इथे खुरपं घेऊन येणारं कुणी नाही, तेव्हा झाडंच एकमेकांची विरळणी करतात. या पाइनला सावली सोसत नाही. शेजारी वीतभर उंच गेला की त्याच्या सावलीतल्याला अन्न कमी बनवता येतं, म्हणून तो आणखी मागे पडतो. मुळांपाशी पाण्यासाठी तीच ओढाताण. जे बळ असेल ते शेंड्याकडे जातं; खालच्या फांद्या उजेडावाचून वाळून गळतात. उरतं ते सरळसोट, सडपातळ खोड. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी तंबूंना हेच वासे वापरत, त्यावरूनच झाडाला 'घराचा वासा' या अर्थाचं नाव पडलं. ज्या सरळपणाचं कौतुक करावं, तो उपासमारीतून आलेला!

जपानच्या क्योजी योदा आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये या मरणाचा हिशेब मांडला. दाटीत वाढणाऱ्या एकाच वयाच्या रोपांची संख्या चौथ्या हिश्श्यावर येईपर्यंत उरलेल्यांचं सरासरी वजन आठपट होतं. चारांतली तीन मेली, तरी एकूण भार दुप्पट. आकडा नेमका एवढाच का, यावर पुढे भरपूर वाद झाले. मी मात्र हे गणित वहीत दोनदा करून पाहिलं, विश्वासच बसेना.

हरलेली झाडं लगेच मरतात असंही नाही. कमालीच्या दाटीत सत्तर वर्षांची झाडं जेमतेम माणसाच्या छातीला लागल्याची नोंद आहे. दबलेल्या खोडाचा आडवा काप भिंगाखाली धरावा: मधली चार-दोन वलयं रुंद, मग बाहेरची इतकी बारीक की दोन वर्षं एकच वाटावीत.

मग येतो साल पोखरणारा भुंगेरा, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याला सालीखालचा रसाळ थर जाड लागतो आणि तो असतो जाड खोडांत, म्हणजे नेमका जिंकलेल्या झाडांत. या शतकाच्या सुरुवातीला त्याने पश्चिम अमेरिका-कॅनडात कोट्यवधी पाइन वाळवले. मनगटाएवढ्या खोडाकडे तो सहसा फिरकतही नाही. मोठ्यांच्या सुया तांबूस पडतात, काही वर्षांत गळतात. खाली ऊन पोचतं, पाण्याला वाटेकरी उरत नाहीत. फार काळ खुंटलेल्या काही झाडांना त्याचा उपयोग करून घेता येत नाही, ती तशीच राहतात. पण बाकीच्यांपैकी एखाद्याचा काप पुन्हा भिंगाखाली घेतला, तर कागदासारख्या वलयांच्या लांबलचक रांगेनंतर एकदम एक रुंद वलय दिसतं. त्याच्या बाहेर दुसरं, तितकंच रुंद.