सात दिवसांचं गाव

भिवंडीच्या कॉलेजात पहिल्या तासाला बसलेल्या कित्येक मुलांच्या कानात अजून मागांची खटखट असते. घरात नाही तर शेजारी माग, आणि तो रात्रभर चालतो. अशा मुलांना फळ्यावर सुविचार लिहून सचोटी शिकवता येत नाही. मागे वळून पाहताना मला वाटतं, या गावाच्या तरुणांना जे काही घडवलं ते व्याख्यानांनी थोडं आणि घमेल्यांनी जास्त.

ही घमेली हातात देणारी राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. देशभरातली 37 विद्यापीठं आणि 40,000 विद्यार्थी, तेव्हा एवढाच पसारा. त्याआधी 1959 मध्ये नेमलेल्या आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या समितीनं कॉलेजप्रवेशाआधीची सेवा सक्तीची करावी, असं सुचवलं होतं. सक्ती झाली नाही, हे बरंच झालं. सक्तीची सेवा हजेरीपटापुरती उरते.

योजनेला आठ महिने होत नाहीत तोच, 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत हिंदू-मुस्लिम दंगल होऊन भिवंडी पेटली. मादन आयोगानं चौकशी केली. 1984 च्या मे महिन्यात पुन्हा तेच. या दोन आगींच्या आठवणी ज्या घरांत बोलल्या गेल्या, किंवा मुद्दाम बोलल्या गेल्या नाहीत, त्याच घरांतून मुलं बी. एन. एन. कॉलेजात आली, मुली जी. एम. मोमीन महिला महाविद्यालयात गेल्या.

1988 नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि पोलीस नेमानं एकत्र बसू लागले. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी कुणाला चांगुलपणाचे धडे दिले नव्हते. भांडणाच्या आधीच माणसांना एका सतरंजीवर बसवलं होतं.

सेवा योजनेचं हिवाळी शिबिर तेच करतं. कॉलेजनं दत्तक घेतलेल्या गावात सात दिवस. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी कुणाचं तरी बौद्धिक (ते बहुतेकदा डुलक्यांत जातं), संध्याकाळी गावात सर्वेक्षण. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा. गोणी एकट्यानं उचलली जात नाही. दुसरं टोक धरणारा कोणत्या आळीतला, हे विचारायला तेव्हा सवड नसते. रात्री पन्नास जणांचा कांदा चिरताना मात्र सवड असते. घरी दंगलीबद्दल काय ऐकलं, धाकट्या बहिणीचं शिक्षण कशामुळे सुटलं, हे तिथंच निघतं. वर्गातल्या तीन वर्षांत ते निघत नाही.

दोन वर्षांत 240 तास भरायचे असतात, त्यावर गुणही मिळतात, म्हणून नाव घालणारे पुष्कळ. त्यांना मी दोष देत नाही, गुणांसाठी आलेला मुलगाही सातव्या दिवशी गाव सोडताना गप्प होतो. काळजी वाटते ती वेगळीच. आता नव्या शैक्षणिक धोरणात सेवेला श्रेयांक मिळू लागले, आणि वही नीट भरली की काम झालं, असं मानणं सोपं झालं. शिबिराचा आठवडा कापून कॉलेजच्या आवारातच झाडलोट उरकणं मला अजिबात पटत नाही. सात रात्री घराबाहेर, परक्या ओसरीवर झोपणं हाच त्यातला खरा अभ्यासक्रम आहे.

वनराई बंधारा पावसाळ्यात वाहून जातो. डिसेंबरात नवी तुकडी येते आणि त्याच ओढ्यावर पुन्हा गोण्या भरायला बसते.