पोटाच्या ऑपरेशननंतर जेवणाची वही

वजन कमी करण्यासाठी पोटाचे ऑपरेशन ही आता केवळ नटनट्यांची आणि बंगलेवाल्यांची गोष्ट राहिलेली नाही. मुंबईसारख्या शहरात सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतही ते होते. साखर, रक्तदाब, गुडघेदुखी, झोपेत श्वास अडकणे अशा दुखण्यांनी बेजार झालेल्या आपल्या लोकांनाही डॉक्टर ते सुचवतात. ऑपरेशन करून घरी सोडताना आहारतज्ज्ञ एक गोष्ट हमखास सांगतात : काय खाता, किती खाता, ते लिहून ठेवा. घरी आल्यावर ही सूचना फाइलीतच राहते. गोळ्या लक्षात राहतात, टाके लक्षात राहतात, वही मात्र राहून जाते. म्हणून आज या पानावर आम्ही फक्त त्या वहीविषयी लिहीत आहोत.

आधी पोटात काय बदलले ते समजून घेऊ. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला अगदी छोटी पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात. (हा पोटाचा बायपास. हृदयाचा बायपास वेगळा. शेजारीपाजारी यात फार घोटाळा होतो.) म्हणजे जागा कमी झाली, आणि बायपासमध्ये तर अन्नातील सत्त्व शोषून घेण्याची वाटही आखूड झाली. पूर्वी दोन भाकऱ्या खाणारे माणूस आता चार-पाच घासांत थांबते. त्या चार-पाच घासांत काय होते, यावरच पुढचे सगळे अवलंबून असते. घास भाताचे असतील तर वजन उतरेल, पण त्याबरोबर अंगातले मांसही झडेल.

डॉक्टर साधारणपणे दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिने घ्यायला सांगतात. ऐकायला सोपे वाटते, हिशेब मांडला की अवघड होते. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम. लहान वाटीभर दह्यात 3-4. वाटीभर घट्ट वरणात 6-7. पेलाभर दुधात 6-7. शिजवलेल्या कोंबडीचे किंवा मासळीचे दोन छोटे तुकडे, म्हणजे 50 ग्रॅमच्या आसपास, 10 ते 13. मूठभर फुटाण्यांत 5-6. कोरड्या सोयाबीन वड्या 20 ग्रॅम घेतल्या तर 10. दोन अंडी धरून हे सगळे एका दिवसात खाल्ले तरी बेरीज 55 च्या आसपास जाते, आणि सुरुवातीच्या महिन्यांत एवढे पोटात मावतच नाही. म्हणून प्रथिनांची पावडर लिहून देतात. ती परवडत नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गुपचूप बंद करू नका.

इथे आपल्या घरांतली एक समजूत मध्ये येते. आजाऱ्याला वरणाचे पाणी द्यावे, पायाचे सूप द्यावे, त्यात ताकद असते, असे आपण मानतो. पहिले काही दिवस, जेव्हा फक्त पातळ पदार्थच चालतात, तेव्हा ते ठीकच आहे. पण डाळीतली प्रथिने खाली बसलेल्या डाळीत असतात, वरच्या पाण्यात फारच थोडी. पायाच्या सुपावरही रोजचा हिशेब भागत नाही. महिना उलटला, डॉक्टरांनी मऊ जेवणाला परवानगी दिली, तरी घरचे मायेने पाणीच पाजत राहतात, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीने गळू लागतात. केस गळण्याला ऑपरेशनचा ताण आणि झपाट्याने उतरलेले वजन हीही कारणे असतात आणि बहुधा ते परत येतात. पण प्रथिने किंवा लोह कमी पडले का, हे वही असेल तर डॉक्टर लगेच सांगू शकतात.

आता वही कशी लिहायची. पोरांची जुनी, अर्धी कोरी वही चालते. वजनकाटा लागत नाही. घरातली एक वाटी आणि एक चमचा ठरवून घ्या आणि माप कायम त्याचेच धरा. प्रत्येक वेळी वेळ, पदार्थ, माप आणि खाल्ल्यावर काय वाटले, एवढे लिहा. समजा, एखाद्या ताईंचे पान असे आहे : सकाळी साडेसात, उकडलेले अंडे एक, वीस मिनिटे लागली, त्रास नाही. दहा वाजता, ताक एक पेला, घोटघोट. दुपारी एक, घट्ट वरण अर्धी वाटी आणि भात दोन चमचे, शेवटच्या घासाला छातीत दाटले. चार वाजता, चहा, दोन बिस्किटे. रात्री नऊ, पोरांच्या ताटातला उरलेला भात, किती ते आठवत नाही.

या पानात शेवटची ओळ सर्वांत मोलाची आहे. आपल्या घरांतली बाई सगळ्यांचे झाल्यावर जेवते आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून पातेल्यातले उरलेलेही संपवते. ते तिच्या लेखी जेवण नसतेच, म्हणून वहीत येत नाही. माणूस आपले खाणे कमीच मोजते, हे तपासून पाहिलेले आहे. अमेरिकेत 1992 मध्ये छापून आलेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात 'आम्ही थोडेच खातो, तरी वजन उतरत नाही' असे सांगणाऱ्यांचे खाणे मोजले, तेव्हा ते सांगत होते त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाले. ती माणसे खोटारडी नव्हती. आठवण अशीच असते. म्हणून रात्री एकदम लिहू नका, खाल्ले की लिहा.

लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवंडाला सांगा, किंवा मोबाइलवर ताटाचा फोटो काढा, किंवा बोलून आवाज साठवून ठेवा. एक मात्र पाळा : वही घरच्यांनी तपासणीसाठी उघडू नये. 'काल भजी खाल्लीस ना?' असे एकदा ऐकले की दुसऱ्या दिवसापासून वहीत भजी येत नाहीत, खाण्यात येतात.

खाण्याइतकेच पाणी लिहा. दिवसाला दीड ते दोन लिटर लागते, तेही घोटघोट, आणि जेवताना नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबून प्यायचे. आमच्या मते वस्तीत सगळ्यांत जास्त घसरते ते इथे. सार्वजनिक शौचालय लांब, रात्री अंधार, म्हणून बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. एरवी शरीर ते कसेबसे निभावून नेते. या ऑपरेशननंतर एका दमात पेलाभर पाणी पिऊन भरपाई करता येत नाही, म्हणून पाणी लवकर कमी पडते, चक्कर येते, लघवी गडद होते. किती पेले झाले त्याच्या रेघा वहीत मारा आणि जास्तीत जास्त पेले दिवसा उजेडी संपवा.

मग गोडाचे. बुद्धपौर्णिमेला घरोघरी खीर होते, आणि कोणी वाटी पुढे केली तर नाही म्हणवत नाही. विशेषतः बायपास झालेल्यांना गोड खाल्ल्यावर दहा मिनिटे ते अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब असा त्रास होऊ शकतो. साखर आतड्यात एकदम उतरल्याने हे घडते. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खाली जाऊन थरथर आणि घेरी येते. घरात लगेच कोणाची तरी नजर लागल्याची चर्चा सुरू होते. मीठ-मिरच्या ओवाळण्याआधी वही उघडून दोन तास मागे काय खाल्ले ते पाहा. तीनदा त्रास झाला आणि तिन्ही वेळा आधी खीर, शिरा किंवा थंड पेय असेल, तर कारण सापडले.

गोळ्यांसाठी रोज एक ओळ ठेवा. जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम आणि बी-12 हे आयुष्यभराचे असते, बरे वाटले म्हणून थांबवायचे नसते. लोह आणि कॅल्शियम यांत निदान दोन तासांचे अंतर हवे, आणि लोहाची गोळी चहाबरोबर नको. मेडिकलमधून मागून आणलेली अंगदुखीची गोळीही लिहा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, जोडाच्या जागी जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी घरी मोजलेली साखरही टिपावी. खाणे कमी झाले की औषधाचा जुना डोस जड पडतो. तो डॉक्टरांनी बदलायचा, आपण नाही.

वहीत उलटी लिहिली गेली तर किती वेळा तेही लिहा. घाईने खाल्ल्यावर एखादी उलटी होते. पण उलट्या रोज होऊ लागल्या, किंवा दिवसभर पाणीही टिकेना, तर थांबू नका, रुग्णालय गाठा. अशा वेळी बी-1 हे जीवनसत्त्व काही आठवड्यांतच संपते. मग पायांत मुंग्या येतात, चाल अडखळते, एकाचे दोन दिसतात, आणि उपचाराला उशीर झाला तर हे दुखणे कायमचे राहू शकते. आपण जवळच्या दवाखान्यात जातो आणि सलाईन लावून घेतो. तिथे आधी सांगा, 'माझे पोटाचे ऑपरेशन झाले आहे, इतके दिवस उलट्या आहेत.' ग्लुकोजच्या सलाईनआधी बी-1 द्यायचे असते, आणि ऑपरेशनचे माहीतच नसेल तर ते सुचणार कसे? काळी शौच, पोटात असह्य कळ, ताप आणि छातीत धडधड यांनाही वहीत जागा शोधत बसू नका, थेट जा.

वर्ष-दीड वर्षाने वही बहुतेक जण बंद करतात, आणि नेमकी तेव्हाच ती पुन्हा लागते. भूक परतते, पोटात थोडे जास्त मावू लागते. जेवण अजूनही छोटेच असते, पण मधले मधले वाढते. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे 40 ते 50 ग्रॅम साखर झाली. फरसाण, वेफर्स हे विरघळून सहज खाली उतरतात, अंड्यासारखे दाटत नाहीत, म्हणून पोट अडवत नाही. 2008 मध्ये अमेरिकेत सुमारे 1,700 लोकांच्या अभ्यासात रोज खाणे लिहिणाऱ्यांचे वजन न लिहिणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट उतरले होते. ते ऑपरेशनचे रुग्ण नव्हते, पण चहा-बिस्किटांची सवय सगळ्यांची सारखीच. रोज जमत नसेल तर महिन्यातला एक आठवडा पूर्ण लिहा. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच काट्यावर करा.

वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला ऑपरेशनचे नाव, तारीख, रुग्णालय, ओपीडीचा वार आणि चालू गोळ्या मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. ओपीडीत आपल्या वाट्याला पाच मिनिटे येतात. 'जेवण कसे चालले आहे?' असे डॉक्टरांनी विचारले की 'बरे आहे' म्हणण्याऐवजी मागच्या दोन आठवड्यांची पाने त्यांच्यापुढे ठेवा.